देवदाराचा दीदार

बदनापूरच्या रस्त्याला पाशामियाँची रोपवाटिका आहे आणि पाशामियाँच्या कानांवर भरवसा ठेवायचा नाही, हे तिथल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना पक्कं ठाऊक. भोकरदनहून आलेल्या बिभीषणला ते कोण सांगणार? हिवाळ्यातल्या एका निवांत दुपारी तो फाटकात उभा राहिला. काखेत तेलाचा रिकामा डबा, डब्यावर ओलं गोणपाट.

"चाचा, देवदारासाठी आल्तो."

पाशामियाँनी खुरपं खाली ठेवलं. त्याच्याकडे पाहिलं. मग तिथंच कामाला असलेल्या, पिशव्यांत माती भरत बसलेल्या वर्षाराणीकडे पाहिलं.

"दीदार के वास्ते? यहाँ तो झाडं मिलते, बेटा. दीदार-बिदार का धंदा नहीं करते हम."

वर्षाराणीला हसू आवरेना. तिनं ओढणी तोंडावर धरली, पण डोळ्यांचं काय करणार... ते हसतच होते. बिभीषणचे कान लालभडक झाले. त्यानं घाईघाईनं गोणपाट बाजूला केलं. आत वीतभर रोप होतं, निळसर हिरव्या सुयांचं, नाजूक. असलं झाड वर्षाराणीनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"कुठून आणलं हे?"

"हिमाचलातून. तिथं रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवतो मी. दरड काढताना माझ्याच बकेटमधी आलं. टाकून द्यायचं जिवावर आलं, बघा."

"मंग घरीच लावायचं की."

"आमच्या घरी मेंढरं हायेत. एका सकाळीत फडशा पाडतील." त्यानं गोणपाट पुन्हा रोपाभोवती सारखं केलं. "आन् मी परवा चाललो परत. तुमी सांभाळाल का?"

एवढा मोठा पोकलेनवाला गडी, पण बोलताना आवाज असा मऊ झाला होता, की वर्षाराणीच्या तोंडून 'हो' कधी निघून गेलं ते तिलाच कळलं नाही. आंब्याच्या दाट सावलीत, जरा उंचवट्यावर, मुरूम घालून तिनं ते रोप लावलं. तो शेजारी बसून माती दाबत होता. दोघांची बोटं एकदा एकमेकांना लागली, आणि मग दोघंही भलत्याच मन लावून माती दाबू लागले.

झाडाचं नाव अर्थातच दीदार पडलं.

जाताना त्यानं तिचा नंबर नेला होता. रोज संध्याकाळी फोन यायचा. "दीदार कसा हाये?" ती म्हणायची, "मजेत हाये." मग तिथल्या बर्फाच्या गप्पा, इकडच्या कलमांच्या गप्पा... 'तुमी'चं 'तू' झालं. ती रोज झाडाचा फोटो पाठवू लागली. उन्हाळा लागला तशी तिनं झाडावर हिरवी जाळी बांधली, भोवती ओली पोती लावली, बुडाशी पाझरता माठ पुरला. पाशामियाँ म्हणायचे, "इतना लाड तो मेरी बकरी का बी नहीं हुआ."

पण जालन्याचं ऊन ते. ते काय कुणाचं लाडकं बघतं का? सुया टोकाकडून तांबूस होऊ लागल्या. एका सकाळी तिनं काडी मोडून पाहिली, तर आतून खडखडीत कोरडी. वर्षाराणी तिथंच मातीत बसून रडली, पोटभर रडली.

संध्याकाळी फोन आलाच. "दीदार कसा हाये?"

झाड नाही म्हटल्यावर हा फोन कशाला करील? उद्यापासून संध्याकाळी काय ऐकायचं?

"...बरा हाये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी तिनं सुरूचं रोप लावलं. सुरूलाही सुयांसारखीच पानं, तीही खाली झुकलेली. आपल्या मुलखात दोन्हींतला फरक कुणाला कळतो? ती जरा लांबून फोटो काढायची. कधी फांदी नीट दिसावी म्हणून हातानं उचलून धरायची. तिकडून उत्तर यायचं, "झ्याक वाढलाय." मग तिला बरंही वाटायचं आणि जेवण गोडही लागायचं नाही. पाशामियाँ सारखे म्हणत, "सच बोल दे, बेटी." ती म्हणायची, उद्या सांगते.

आणि दसऱ्याच्या तोंडावर तो म्हणाला, "सुट्टी मिळाली. येऊन राह्यलो."

तो आला तेव्हा भुरभुर पाऊस होता. तो थेट आंब्याखाली गेला. ती मागं उभी. त्यानं फांदी हातात घेतली, ओल्या सुयांवरून बोट फिरवलं.

"सुरू चांगला जोर धरतोय," तो म्हणाला.

तिनं डोळे मिटून घेतले. "तुला... कव्हापासून ठाऊक हाये?"

"सुरूच्या पहिल्या फोटूपासून. माझ्या खोलीच्या खिडकीत दिवसभर देवदारच असतेत, वर्षा."

"मंग बोलला कामून न्हाईस?"

"बोललो असतो, तर फोटू कशाचा पाठवला असतास?" तो झाडाकडेच बघत होता. "आन् झाड कोण बघत होतं? फांदी धरलेला हात बघायचो मी. कोपऱ्यात कधी ओढणी यायची..."

आता रडावं की याला एक धपका घालावा! तिनं दोन्ही केलं. तो हसत हसत तसाच उभा राहिला. पानांवरून पाणी ठिबकत होतं आणि कुणालाच आडोशाला जायचं सुचत नव्हतं.

"लई जपलं रे मी त्याला," ती म्हणाली. "पर न्हाई जगला हितं."

"मला ठाऊक हाये. त्याला तिथलीच हवा लागती."

ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "आन् मी? ...मी जगन का तिथं?"

बिभीषणनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"लई थंडी असती," तो कसाबसा म्हणाला.

"असू दे. आधी आमच्या आईला विचार."

"कव्हा विचारू?"

"आत्ता घरीच हाये ती," वर्षाराणी म्हणाली, आणि भिजत भिजतच पुढं चालू लागली.