‘खुर्ची’ नावाची फाईल

रेकॉर्डिंगला बसण्याआधी आम्ही फ्रिज बंद करायचो आणि माझ्या स्कूटरची चावी त्यात ठेवायचो. फ्रिजची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद, आणि पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून चावी. चावी गार पडली की भाग झाला समजायचं, असं ताई म्हणायची.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वीस वर्षं वर्तमानपत्रात बातम्या लिहून वैतागली आणि घराच्या मागच्या खोलीत तिने पॉडकास्ट सुरू केला: ‘आजचं आज’. निवडणुका, नवे सिनेमे, जिन्यातल्या चपलांवरून होणारी भांडणं, कशावरही बोलायची. भिंतींना ब्लँकेटं ठोकलेली. ती वेताच्या खुर्चीत, मी समोर कानांना हेडफोन लावून. सुरुवातीला अर्धं मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. ही शांतता वेगळी साठवायची आणि बोलण्यातलं काही कापलं की त्या खड्ड्यात भरायची.

कापायचं काम माझं, आणि त्यात मी भलताच काटेकोर. आधी जाहिरातींच्या स्टुडिओत होतो. निवेदकाचा श्वास ऐकू येता कामा नये, हे तिथल्या साहेबांनी डोक्यात इतकं भरवलं होतं की अगदी पहिल्या भागापासून ताईचा एकेक श्वास मी कापून काढला. ‘कचरा’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचो आणि दर शुक्रवारी मूळ रेकॉर्डिंगसकट सगळं पुसायचो. एकच श्वास ठेवला होता. त्याच्या शेवटी खुर्ची करकरली होती. त्या फाईलला मी नाव दिलं ‘खुर्ची’, आणि ती ऐकवून ताईला भरपूर पिडलं.

“अगं, तेल घाल तिला. लोकांना वाटेल तुझेच सांधे वाजतायत.”

“वाजतातच. पन्नाशी आली रे छोट्या.”

साठाव्या की एकसष्टाव्या भागात मला कापायला श्वासच सापडेनात. स्क्रीनवर आवाजाची रेघ सलग, कुठे खंड नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? काम निम्म्यावर आलं होतं.

त्याच आठवड्यात एक निवृत्त निवडणूक अधिकारी पाहुणे म्हणून आले. मतदारयाद्यांतल्या घोळावर ताई जी सुटली ती सहा मिनिटं थांबलीच नाही. शेवटी त्यांनीच हात वर केला. “बाई, मध्ये जरा दम तरी खा,” म्हणून हसले. मग पाणी मागितलं, आणि निघेपर्यंत त्यांनी ताईकडे पाहिलं नाही.

ते गेल्यावर मी त्या दिवशीची शांतता ऐकली. खोलीत आम्ही तिघं होतो. माझं चोंदलेलं नाक ओळखू आलं. अधिकाऱ्यांचा श्वास बारीक शीळ घातल्यासारखा होता. आवाज इतका वाढवला की शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू यायला लागलं. तिसरा श्वास नव्हता.

माइकचा दोष, म्हटलं. नवी वायर आणली.

दोन दिवसांनी घरभर जळका वास सुटला. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं होतं आणि ताई शेगडीला टेकून उभी राहून पुढच्या भागाचे प्रश्न वाचत होती.

“वास नाही आला तुला?”

“कसला?” ती म्हणाली.

मी चहा केला. तिने नेहमीसारखी कपावर फुंकर घातली. ओठांचा चंबू झाला, गाल आत गेले. चहा हलला नाही. तिने पुन्हा घातली आणि मग कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला, काढला, झटकला, दुसरा आणला. “दोन्ही बिघडलेत वाटतं,” म्हणाल्या. रक्त तपासायला सांगितलं. ते बरं निघालं.

पण ताई उतरत चालली होती. ओठ निळसर पडले, नखं राखेच्या रंगाची झाली. माइकसमोर अस्खलित बोलायची, आणि बोलणं संपलं की सोफ्यावर पडून राहायची, डोळे उघडे. इकडे श्रोते पत्रं पाठवत होते: काय ओघ आहे बाईंचा!

“छोट्या, मला साधा सुस्कारा टाकता येत नाही रे,” एकदा म्हणाली. “तू काय काय कापतोस माझं?”

ती चेष्टेत म्हणाली.

मी संगणकाकडे धावलो. ‘कचरा’ रिकामा. शुक्रवार कालच होऊन गेला होता. जुन्या भागांत एक श्वास नाही; नाहीच असणार, मी किती नीटनेटका! शोधता शोधता ‘खुर्ची’ सापडली.

वेडेपणा होता, मला कळत होतं. सकाळीच केलेला भाग उघडला. तिच्या प्रत्येक वाक्याआधी थोडी जागा केली आणि तिथे तो एक श्वास चिकटवला. पुन्हा चिकटवला. खुर्चीची करकर तेवढी कापून टाकावी, असं एकदा मनात आलं. पण कापायला हात धजेना. तीनशे बारा ठिकाणी तो जसाच्या तसा लावला. दुपारचे तीन वाजले होते. बोटं दुखत होती.

बाहेर ताई खोकली.

मग तिचा आवाज आला. “छोट्या, पातेल्याचा वास अजून गेला नाही का रे?”

मी तिथेच डोकं टेकून रडलो.

ती दोन पोळ्या जेवली. चहावर फुंकर घातली आणि त्यावर बारीक लाट उठली. ओठांवर रंग आला. मग सोफ्यावर कुशीला वळून झोपली. छाती वरखाली होत होती.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो.

श्वास एकसारखा होता. उंचीला एक, लांबीला एक. जरासुद्धा फरक नाही.

मी उठून मागच्या खोलीत गेलो. वेताची खुर्ची रिकामी होती. हात लावून पाहिला, दाबून पाहिली. मागच्या महिन्यात मीच तेल घातलं होतं. ती वाजत नव्हती.

फ्रिज अजून बंदच होता. घरात दुसरा आवाज नव्हता.

परत येऊन ताईच्या तोंडापाशी कान नेला.

तिने श्वास घेतला. त्याच्या शेवटी खुर्ची करकरली.