कोरी होडी जात नाही

मूर्तिजापूरचं रेल्वे फाटक त्या दिवशी खाली आलं ते थेट एका होडीवर.

मी फाटकाच्या अलीकडे स्कूटीवर उभी होते, त्यामुळे सगळं नीट दिसलं. पलीकडून एक ट्रॅक्टर रूळ ओलांडून आला. मागच्या ट्रॉलीत होडी पालथी घातलेली, आणि तिचं शेपूट ट्रॉलीबाहेर हातभर लोंबलेलं. ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडला आणि ट्रॅक्टरवाल्याला नेमकी तिथेच खर्रा थुंकायची आठवण झाली. त्यानं ब्रेक मारला. शेपूट आतच राहिलं. दांडा सावकाश खाली आला आणि होडीवर टेकला... आशीर्वाद द्यावा तसा.

"गव्हाण हाय," माझ्या शेजारचा दूधवाला म्हणाला.

"पाण्याचं टाकं हाय," त्याच्या मागचा म्हणाला.

एका आजोबांनी टोपी काढून होडीला नमस्कार केला. मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर म्हणाले, "कशात काय असते, सांगता येत नाही."

ट्रॉलीतून एक मुलगा उतरला. उंच, उन्हानं करपलेला. दांड्याकडे न पाहता तो होडीच्या बुडावरून तळहात फिरवू लागला, तापल्या माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही, मी पुढं बसलो होतो."

"तुमाले नाही. तिले."

त्यानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे चांगले होते. डोळ्यांबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

"हे काय हाय पण?"

"होडी. शिडाची."

मी डावीकडे पाहिलं. तूर. उजवीकडे पाहिलं. कापसाची पऱ्हाटी. "आणि चालवणार कुठं?"

"महानच्या धरणावर. पहिले बूड दुरुस्त करा लागन. इथं डेंटिंग-पेंटिंगचं बरं दुकान कोणतं हाय?"

गावात आमचं सोडून आणखी दुकानं आहेत. मी कोणतंही सांगू शकले असते.

"माह्या मागं या," मी म्हणाले.

त्याचं नाव ललित. अकोल्याचा. पुण्यात एका कंपनीत होता, तिथल्या कुठल्याशा तळ्यावर शिडाची होडी शिकला आणि बिघडला. 'बिघडला' हा शब्द त्याच्या आईचा. नोकरी सोडून तो परत आला, नागपूरच्या एका क्लबानं टाकून दिलेली होडी उचलली, आणि धरणावर पोरांना होडी शिकवायची परवानगी मागून बसला. डिसेंबरात पाहणी व्हायची होती.

"परवानगी भेटली तं इथंच राहीन," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "नाही तं जानेवारीत पुणे. कंपनीनं जागा धरून ठेवली हाय."

मला तेव्हा काही वाटलं नाही. लोक येतात, जातात. आपण डेंट काढायचा.

माझे बाबा, खुशालराव, होडीभोवती फिरून आले. "चाकं?"

"नसतात, काका."

"नंबर कुठं टाकाचा?"

"नंबर नसते."

"मंग लिहाचं काय?"

"काहीच नाही."

बाबांनी चष्मा काढला. आमच्या दुकानाचा एकच नियम आहे : कोरी गाडी बाहेर जात नाही. ट्रॉली असो, टेम्पो असो, रसवंतीचा गाडा असो, काहीतरी लिहिल्याशिवाय बाबा ती सोडत नाहीत. एका गावच्या स्वर्गरथावर त्यांनी 'पुन्हा भेटू' लिहिलं होतं. ते लोक आले, बराच वेळ वाचत उभे राहिले, आणि तसाच घेऊन गेले.

"बूड काचेसारखं लागते, काका," ललित म्हणाला. "अक्षराची कड आली तरी पाणी अडते."

"पाणी काय वाचत बसते का?"

"अडते, काका."

बाबा माझ्याकडे वळले. "पौर्णिमा, हे तू पाह्य. मले बीपी हाय."

मी समजले होते, थोडी लांबी, म्हणजे पुट्टी, भरू, घासू, रंग मारू, आठवड्यात होडी बाहेर. पण बुडावर फोड होते, कांजिण्यांसारखे. पहिला फोड मी स्क्रूड्रायव्हरनं फोडला तर आंबूस पाण्याची चिळकांडी सरळ माझ्या तोंडावर.

"आत पाणी मुरलं हाय," ललित समाधानानं म्हणाला. "पहिले वाळू द्या लागन."

वाळवण्याच्या कामात वऱ्हाडाचा हात कोणी धरू शकत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात होडी अंगणात पालथी पडली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पंचफुलाकाकूंनी तिच्यावर मुगाच्या वड्या घातल्या. ललितनं त्या एकेक उचलून ताटात ठेवल्या, काकूंना नेऊन दिल्या, आणि परत येऊन प्रत्येक वडीखालची जागा ओली झाली का ते तपासलं.

काकू म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय, पण येडा हाय."

पुढे कितीतरी दिवस मी ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं. येडा हाय, पण चांगला हाय. दोन्हीकडून खरंच निघत होतं.

मग जुना रंग खरवडला. मग लांबी. मग घासणं. पॉलिश पेपरचा धुरळा त्याच्या भुवयांवर बसायचा आणि तो साठीचा दिसायचा. साठीतही बरा दिसेल, असं एकदा मनात आलं, तेव्हा मी उठून पाणी प्यायले. घासून झालं की तो डोळे मिटून तळहात फिरवायचा.

"इथं खरखर हाय."

"कुठं?"

"इथं." त्यानं माझा हात धरून तिथे ठेवला. मला खरखर लागली नाही. मला होडीच लागली नाही.

"लागली?"

"हो," मी म्हणाले. "लय हाय."

मग ती चांगली जागा आम्ही दोघांनी मिळून पुन्हा घासली.

नोव्हेंबरात पहिला रंग मारला. होडी आत मावत नव्हती म्हणून अंगणातच मारला. आणि त्याच दुपारी जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या दुकानासमोर लागली. वारा सुटला. बघता बघता होडीला दाढी आली.

ललित कंबरेवर हात ठेवून गाड्यांकडे पाहत राहिला. "तुमच्याइथं कापूस बंद होत नाही का?"

"होते. फेब्रुवारीत."

"पाहणी डिसेंबरात हाय."

"मंग कापसाले सांगा."

आम्ही चिमटे घेऊन बसलो. होडीच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी, मध्ये ओला लाल रंग. एकेक धागा उचलायचा, फडक्याला पुसायचा. ऊन उतरलं. गाड्यांमधून कुणीतरी ओरडलं, "पेरली का उगवली?" बाबा आतून म्हणाले, "चूप राय, तुह्या ट्रॉलीचं काम बाकी हाय माह्याकडं."

"पौर्णिमा," ललित हळूच म्हणाला.

"काय."

"तुह्या पापणीवर कापूस हाय."

"मंग काढा."

"हात रंगाचे हायेत."

"मंग सांगता काहून?"

तो होडीवरून वाकला. इतका जवळ, की त्याच्या भुवईतला धुरळा मला मोजता आला असता. आणि त्यानं... हलकेच फुंकर मारली. कापूस उडाला, तरंगला, आणि ओल्या रंगात जाऊन बसला. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"राहू दे तो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"नाही," तो म्हणाला. "कड येईन." आणि चिमट्यानं काढला.

असा माणूस.

कापसाचा बाजार बंद असलेल्या दिवशी शेवटचा हात मारला. बूड खरोखर काचेसारखं झालं. त्यात त्याचा चेहरा दिसत होता, माझाही.

"परवानगी नाही भेटली, मी गेलो, तं काय करशीन?" त्यानं बुडातल्या माझ्या चेहऱ्याला विचारलं.

"नत्थुजीच्या टेम्पोचा मडगार्ड आला हाय. तो करीन."

"बरं," तो म्हणाला, आणि थांबला. मीही थांबले. दोघांपैकी कुणीतरी काहीतरी बोलेल असं दोघांनाही वाटत होतं, असं मला वाटतं. मग तो ब्रश धुवायला गेला. मी आजवर कुणाकुणाच्या मनातलं ट्रॉल्यांच्या मागच्या फाळक्यांवर लिहून दिलंय. 'आईचा आशीर्वाद' लिहिलंय, 'बघतोस काय, रागानं' लिहिलंय. माझ्या स्वतःच्या मनातलं मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं लिहायला.

पाहणीच्या आदल्या दिवशी तो शीड आणायला अकोल्याला गेला. मी ब्रश घेऊन बुडासमोर उभी राहिले. नियम म्हणजे नियम. शिवाय विचार केला, होडीचं बूड ही जगातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. पाण्यात गेलं की माशांशिवाय कोण वाचणार? मी पांढऱ्या रंगात, फाळक्यावर लिहितो तशा हातभर अक्षरांत, एक ओळ लिहिली. ललितसाठी. ललितनं कधीच वाचू नये म्हणून अशा जागी.

बाबा आले. वाचलं. मान वाकडी केली.

"ओळ डावीकडं उतरली हाय," म्हणाले. आणि दुपारभर वाळल्यावर चार जणांना बोलावून होडी सुलटी केली, पोत्यांवर बसवली, ताडपत्री टाकली.

धरणावर दुसऱ्या दिवशी अर्धं गाव होतं. ललितच्या आई कौशल्याबाई डबा घेऊन आल्या होत्या आणि प्रत्येकाला सांगत होत्या की पोरगं हुशार होतं. पाहणीसाठी आलेल्या मॅडम गॉगल लावून काठावर उभ्या होत्या.

शीड वर गेलं. होडी हलली... आणि मग नुसती निघाली. आवाज नाही, धूर नाही. हिवाळ्याचं ऊन पाण्यावर तुटत होतं आणि त्यातून तिची लाल कड सरकत होती. ज्याच्यासाठी आम्ही दोन महिने घासत होतो, ते हे होतं. मला कुणी आधी सांगायला हवं होतं.

"बरं चालते," बाबा म्हणाले. "डिझेलबी लागत नाही."

ललित काठाजवळ आला. मॅडमनी मान हलवली. "छान. पण मुलं शिकणार आहेत. होडी उलटली तर काय करता, ते दाखवा. उलटवून, पुन्हा सरळ करून. ते पाहिल्याशिवाय मला हो म्हणता येणार नाही."

"उलटवून म्हणजे?" मी विचारलं.

"आडवी पाडाची," ललित होडीतून खुशीत म्हणाला. "हे तं पहिलं शिकवतात."

दोन महिन्यांत ही गोष्ट या माणसानं मला एकदाही सांगितली नव्हती. खरखर सांगितली होती.

"नाही," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले.

"काहून?" ललित.

"रंग ओला हाय."

"आठ दिवस झाले रंगाले."

"वरचा ओला हाय."

"वरचा कोणता?"

"नाही म्हणजे नाही," मी म्हणाले. तो माझ्याकडे पाहत राहिला. शीड फडफडत होतं. मग तो मॅडमकडे वळला. "मॅडम, आज नाही जमणार. ती नाही म्हणते म्हणजे काहीतरी असन. बुडाचं तिले मालूम."

"मग पुढच्या वर्षी पाहू," मॅडम म्हणाल्या.

कौशल्याबाईंनी डबा उघडला. "चला. पुण्याचं तिकीट काढा."

ललित शीड उतरवू लागला. प्रश्न नाही, कुरकुर नाही. जो माणूस कापसाचा एक धागा सोडत नव्हता, त्यानं माझ्या एका शब्दावर सगळं सोडून दिलं. इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता.

बाबा माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. पाण्याकडे पाहत म्हणाले, "फाळका झाकून ट्रॉली चालवता येत नाही, पोरी."

"उलटव," मी म्हणाले. शिडाच्या फडफडीत त्याला ऐकू गेलं नाही. मग मी पाण्यात घोट्यापर्यंत गेले. "ललित, उलटव."

"पक्कं?"

"आता विचारू नको."

त्यानं शीड परत वर ओढलं आणि एका बाजूला झुकला. होडी कलली, शीड पाण्यावर आडवं झालं, ललित त्याच्यामागे गडप झाला. आणि लाल, ओलं, चकाकतं बूड आमच्याकडे तोंड करून उभं राहिलं, थेट ट्रॉलीच्या फाळक्यासारखं :

समुद्र नाही तं नाही, तू इथंच राय.

काठावरचे सगळे दोन पावलं पुढे आले. मग लोकांनी वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. मनातल्या मनात वाचायची आमच्याकडे पद्धत नाही.

कौशल्याबाईंनी डब्याला झाकण लावलं. "हे कोणाले लिहिलं?"

"होडीले," मी म्हणाले.

आडवी होडी सरळ करायची तर बुडाच्या बाजूला पोहत यावं लागतं, बुडातून बाहेर काढलेल्या फळीवर उभं राहून भार द्यावा लागतो. हेही मला त्या दिवशीच कळलं. ललितचं डोकं कडेनं आलं, हातांनी फळी पकडली, आणि मग त्यानं समोर पाहिलं. गळ्यापर्यंत पाण्यात तो तसाच थांबला.

"थांबला का हा?" मॅडमनी विचारलं. "अडकला काय?"

"वाचून राहिला," बाबा म्हणाले.

"एवढा वेळ?"

"दोनदा वाचत असन."

ललितनं हात वर केला. डोळे मिटले. तळहात अक्षरांवरून फिरवला, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. आता काय येणार हे मला पाठ होतं.

"कड लागते," तो पाण्यातून म्हणाला.

"मंग घासून टाक," मी काठावरून म्हणाले.

"नाही." तो हसत होता. "राहू दे."

मग तो फळीवर चढला, मागे झुकला, आणि होडी पाणी गाळत उभी राहिली.

"फार वेळ लागला," मॅडम म्हणाल्या. गॉगल काढून त्यांनी डोळे पुसले, पाणी उडालं असावं. "पण झाली सरळ. करा सुरू."

तो काठावर आला, थंडीनं कुडकुडत माझ्यासमोर उभा राहिला. मी वाट पाहिली. दोन महिन्यांचं काहीतरी आता बाहेर येणार होतं.

"पौर्णिमा."

"काय."

"ओळ डावीकडं उतरली हाय."

"मीबी तेच म्हटलं," बाबा म्हणाले.

मी वळून चालू लागले. त्यानं हात धरला. गार, ओला हात, आणि या वेळी खाली होडी नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि माझ्या तळव्यावरून अंगठा फिरवला.

"इथं लय खरखर हाय," तो म्हणाला.

"तुह्याच होडीनं केली."

त्यानं हात सोडला नाही, डोळेही उघडले नाहीत. माझ्या मागे बाबा मॅडमना विचारत होते, "तुमच्या गाडीवर काही लिहिलेलं दिसत नाही?"