चर्चच्या बाजाले हवा कोनं भरली

आईची आन, पोट्टेहो, ही गोष्ट सोळा आने खरी हाय. म्हनजे मी काही तिकडे नवतो. माह्या साळ्यानं, भुपेंद्रनं, सांगतली. तो निम्मं खोटं बोलते. पन निम्मी तरी खरीच झाली नं? प्रीतम, शेकोटीत लाकूड सरकव. रिंकू, तू इकडे बस, माह्या बाजूले.

त शहापूरचा भुपेंद्र. झाडीपट्टीच्या नाटकात वीस साल ऑर्गन वाजवला. पायानं भाता हानाचा, हातानं सूर काढाचा. औंदा दिवाळीनंतर कंपनीनं बिजलीचा कीबोर्ड आनला अन् याले म्हनलं, "भाऊ, आता आराम करा." तवापासून मानूस गोठला. रडे ना, हासे ना. बायको रत्नमालानं एक रोज मुद्दाम भाजीत मीठच टाकलं नाही. यानं ताट पुसून खाल्लं.

मंग भंडाऱ्याच्या एका जुन्या चर्चातून बोलावनं आलं. तिकडे इंग्रजाच्या जमान्यातला बाजा हाय. भिताडायेवढा, नळ्याच नळ्या. वाजवनाऱ्या बाईचा पाय मोडला होता. पाद्रीसाहेबानं मोबाईलवर जुन्या इंग्रजी चाली धाडल्या, कोन्या राणीच्या काळातल्या. म्हने, नाताळाले जमल्या त दर रविवार तुमचा. भुपेंद्रले दुसरं दारच उरलं नवतं.

तेवीस डिसेंबर, मंगळवार, रातचे दहा. भुपेंद्रनं ठेल्यावर सुपारी-तमाखूचा खर्रा घोटून घेतला. पन खावावासा वाटला नाही. पुडी तशीच खिशात.

राखनदार केवळरामनं दार उघडलं.

"सोबत कोनाले आनलं नाही?"

"कायले?"

"हवा कोन भरन?"

"वीस साल माह्याच पायानं भरली. आता काय सासऱ्याले बोलावू?"

केवळरामनं त्याच्या पायाकडे पाह्यलं. "तुमची मर्जी," म्हने, अन् झोपाले गेला.

भुपेंद्र बसला. पाय सोडले त खाली फळी लागली. जुना बाजा हाय, भाता फळीखाली असन, असं समजून हानू लागला. पट्टी दाबली. असा सूर निंघाला का खिडकीचे काच थरथरले.

चाल मोठी संथ. एक सूर निंघे. मांगून दुसरा त्याच्याच पावलावर पाऊल ठेवून ये. मंग तिसरा. धानाच्या पारीवरून, अरुंद बांधावरून, मानसं जातेत तसे. भुपेंद्र वाजवत राह्यला. दिवाळीपासून पहिल्यांदा त्याले तहान लागली.

लाईट गेली. गेली त गेली. बोटाले कुठं लाईट लागते?

मंग पायात गोळा आला.

पाय थांबले.

सूर... थांबला नाही.

त्यानं दोन्ही पाय वर घेतले. मांडी घातली. सूर चालूच. हात उचलले. चूप... अन् त्या चुपीत, बाजाच्या मांगून...

करर्... करर्...

कोनी भात्याचा दांडा दाबून राहिला होता.

"कोन हाय?"

...

करर्.

तुम्ही पळाले असते. मीही पळालो असतो. पन याची शेवटची चाल बसली नवती. अन् मले म्हनते कसा, "भाऊजी, येवढी एकसारखी हवा देनारा मानूस मले जल्मात भेटला नवता. त्याले सोडून कायले जाऊ?"

उजाडेपर्यंत वाजवलं.

सकाळी केवळराम आला.

"जमली का?"

"जमली. तुमचा हवावाला चांगला हाय."

केवळराम खाली वाकला. बॅटरी फळीखाली मारली. भाता नाही, काही नाही. नुसती जमीन. मंग करदोड्याची किल्ली काढली, बाजामांगच्या खोलीचं कुलूप खोललं. भाता तिकडे. दांडा तिकडे. खोलीले खिडकी नाही.

"आगुदर श्यामलाल भरे हवा," केवळराम म्हने. "मरून जमाना झाला. खर्रा देल्याबिगर दांड्याले हात नवता लावत."

भुपेंद्रनं खिशात हात घातला.

पुडी नवती.

दांड्याले खर्र्याची पन्नी लटकून होती. रिकामी. रबर नीट गुंडाळून...

नोकरी? लागली नं. दर रविवारी जाते. दोन खर्रे घेऊन. हवा भराले एक पोरगा ठेवला होता पाद्रीसाहेबानं. यानं त्याले घरी धाडलं.

झाली गोष्ट. आता माह्यं तोंड सुकलं. फुकट ना श्यामलाल हवा भरे, ना मी गोष्ट सांगो. रिंकू, बायकोपासून लपवून घेतलेला खर्रा हाय नं तुह्यापाशी? काढ.

काढ नं बापा...

काहून बे? दुसऱ्या खिशात कायले हात घालून राहिला?