चढावरची स्टुडिबेकर

"माझ्या बायकोचा पाय मी मोडला की नाही, एवढंच मला शोधून द्या."

विश्वासराव दिघे खुर्चीवर टेकायच्या आधीच हे बोलले. वय अठ्ठ्याहत्तर, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, दाढी मात्र दोन दिवसांची वाढलेली.

निरुपमा घारपुरे यांनी समोरची फाइल मिटली. वीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासून झाल्यावर त्यांनी रावपुऱ्यात हे दोन खोल्यांचं तपासाचं ऑफिस काढलं होतं. त्यांचे सहकारी दिग्विजय माने रेल्वेतले निवृत्त गार्ड. कामाला वाघ, पण गोष्ट त्यांच्या डोक्यात पॅसेंजर गाडीच्या वेगानं शिरायची.

"सविस्तर सांगा," निरुपमाबाई म्हणाल्या.

"माझ्याकडे स्टुडिबेकर आहे. पन्नास सालची."

"ती विमानाच्या नाकाची?" मान्यांचे डोळे चमकले. "आमच्या लहानपणी न्यायमंदिरापाशी उभी असायची. आम्ही शाळा बुडवून बघत बसायचो!"

"तीच. आमच्या वडिलांची, दत्तात्रेय दिघ्यांची. ते गेल्यापासून पन्नास वर्षं मी चालवतो. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कारेलीबागेत आमच्या बंगल्याचं गॅरेज रस्त्यापेक्षा खाली आहे. बाहेर पडलं की फाटकापर्यंत चढ. दर रविवारी मी फाटकाशी थांबतो. क्लच दाबून धरायचा, ब्रेकवरचा पाय काढायचा, रस्ता बघायचा. या गाडीत एक यंत्र आहे, हिल होल्डर. क्लच दाबलेला असला की गाडी चढावर आपोआप उभी राहते. गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी ती राहिली नाही. मागे गेली. मागे माझी बायको, प्रतिमा, गॅरेजचं शटर ओढत होती."

"यंत्र तपासलंत?"

"त्याच दुपारी. मेकॅनिकनं तिथेच चढावर उभी करून पाहिली. ठणठणीत. म्हणजे क्लच मीच सोडला असणार. पण मला आठवतंय, निरुपमाबाई, मी सोडला नाही. पाय दाबलेला होता आणि गाडी चालली होती." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "गुरुवारी अकराला मुलानं मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. माझं डोकं गेलं असेल तर तसं सांगा. मी किल्ली ठेवून देईन. पण मला खरं कळू द्या."

ते गेल्यावर माने म्हणाले, "ताई, वय झालंय हो त्यांचं. मीही परवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला."

"तुम्ही ठेवला, आणि ठेवला नाही असंच सांगत होतात," निरुपमाबाई म्हणाल्या. "म्हणून तर जाऊन बघायचं."

*

कारेलीबागेत आता बंगले मोजकेच उरलेत. दिघ्यांचा त्यातला एक, दोन्ही बाजूंच्या अपार्टमेंटांमध्ये अंग चोरून उभा. प्रतिमाताई दिवाणावर होत्या, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये.

"हाड आतल्या आत मोडलं. रक्ताचा थेंब नाही, साधं खरचटलंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "पायाचं सोडा. नऊ दिवस झाले, हे माझ्या खोलीत आले नाहीत. दारापर्यंत येतात आणि परत जातात. ते कसं भरून यायचं?"

"शटर नेहमी तुम्हीच ओढता?"

"छे, मुकुंदभावजी. ह्यांचे मित्र, मुकुंद फणसे. दर रविवारी येतात. हे गाडी वर नेतात, भावजी मागे राहून शटर ओढतात, मग वर जाऊन ह्यांच्या शेजारी बसतात. त्या दिवशी त्यांची कंबर धरली होती, म्हणून ते फाटकापाशीच उभे राहिले. म्हणाले, वहिनी, राहू द्या आज उघडं. मी म्हटलं, कुत्री शिरतात, आणि ओढायला गेले."

"मग?"

"मग काय, गाडी आली. भावजी धावत आले, मला उचलून वर नेलं. शेजाऱ्यांच्या गाडीत घातलं. हे माझ्याबरोबर आले. भावजी मागे राहिले, घर बंद करायला."

तेवढ्यात मुलगा अभिजित आला. चाळिशीचा, कपाळावर कायम आठ्या.

"मॅडम, यात शोधण्यासारखं काही नाही. बाबांनी हँडब्रेक ओढायला हवा होता. मी दहा वेळा म्हटलं, ती गाडी संग्रहालयाला देऊन टाका."

"तुम्ही चालवता ती?"

"मी? माझी गाडी ऑटोमॅटिक. क्लच कुठल्या पायाला असतो तेही आठवत नाही."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"शनिवारपासून भरूचला. रविवारी फोन आला, तसा थेट दवाखान्यात. तिथूनच हसमुखभाईला फोन केला, आत्ता जाऊन ब्रेक बघ. घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. आणि माझ्यावर संशय घ्यायचा असेल तर सरळ विचारा."

"सरळच विचारलं की," निरुपमाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीही सरळ उत्तर दिलंत."

*

हसमुखभाईचं वर्कशॉप छाणीत होतं. तो मराठी बोले, पण मधूनमधून गुजराती डोकावायचं.

"बेन, मी साडेबाराला पोचलो. चढावर घेतली, क्लच दाबला, ब्रेक सोडला. जराय हलली नाय. मी वीस वरस ती गाडी बघतो. हिल होल्डरला तर मी कधी हातपण नाय लावला. जे बिघडत नाय त्याला कशाला छेडायचं?"

"खाली शिरून पाहिलंत?"

"चालतं ते दिसलं, पछी खाली कशाला शिरू?"

"घरी कोण होतं?"

"मुकुंदकाका. नळावर हात धूत होते. बे वार साबण लावला. मी विचारलं, शुं थयुं? तर म्हणाले, प्रतिमाबेनचं रक्त."

माने हळहळले. "बिचारे!"



*

मुकुंद फणसे दांडिया बाजारात माडीवर राहत. सत्त्याहत्तर वर्षांचे, किडकिडीत, हसरे. कपबशी पुढे करताना त्यांचा हात थरथरत होता. टेबलावर कागदांचे गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठ्याला हिरवं प्लास्टिक चढवलेली तारेची क्लिप.

"आमचं पुस्तक," ते म्हणाले. "स्टुडिबेकरचा इतिहास आणि मालकांचे अनुभव. देशभरातल्या मालकांना पत्रं घातली. विश्वास सांगतो, मी लिहितो. क्लिपा नातीच्या दप्तरातल्या बरं का, चोरीचा माल."

"तुमची कंबर कशी आहे?"

"आता बरी. त्या शनिवारी तासभर गॅरेजमध्ये बसून गाडीची मापं घेत होतो, तेव्हाच धरली बहुतेक."

"विश्वासरावांचं काय झालं असेल, तुमच्या मते?"

फणशांनी खिडकीबाहेर पाहिलं. "वय झालं हो. मी रोज जाऊन बसतो त्याच्यापाशी. म्हणतो, मनाला लावून घेऊ नकोस, होतं असं. कधीतरी हात थांबवावे लागतात. मित्र म्हणून दुसरं काय करणार?"

"गाडीचं पुढे काय?"

"त्यानं बावीस वर्षांपूर्वीच ठरवलंय. तो चालवणं सोडेल त्या दिवशी किल्ली माझी. पण आता त्यात काय आनंद आहे, सांगा."

निरुपमाबाईंनी वाचायला कागद मागितले. फणशांनी आनंदानं पिशवी भरून दिली.

*

ऑफिसात माने मोठ्यानं वाचत होते.

"'स्टुडिबेकर बंधू मूळचे लोहार. १८५२ साली साउथ बेंड गावात त्यांनी घोड्यांच्या मालवाहू गाड्या बांधायला सुरुवात केली. पुढे मोटारी केल्या. १९६६ साली कॅनडात शेवटची मोटार निघाली आणि नाव संपलं.' अरेरे! चांगले लोक होते हो, ताई."

"पुढे."

"'मालकांचे अनुभव. नागपूरचे एक डॉक्टर लिहितात, गाडी सुरू करायचं बटण क्लचच्या खाली असल्यामुळे चोराला ती सुरूच करता आली नाही. हिल होल्डरबद्दल सर्वांचं मत उत्तम. क्लचच्या पेडलपासून एक बारीक सळई ब्रेकच्या झडपेकडे जाते. ही सळई निसटली तर मात्र...' अग आई गं!"

पानं मान्यांच्या हातातून सुटून खोलीभर पसरली.

"काय झालं?"

"या गठ्ठ्याला क्लिपच नाही हो. बाकी सगळ्यांना आहे." ते गुडघ्यांवर बसून पानं गोळा करू लागले. "आता क्रम कसा लावू?"

"राहू द्या क्रम," निरुपमाबाई उठल्या. "टॉर्च घ्या. जुना पंचा घ्या. आपल्याला गाडीखाली झोपायचंय."

दिघ्यांच्या गॅरेजमध्ये बासष्टाव्या वर्षी सलवार-कमीज खोचून त्या स्टुडिबेकरच्या पोटाखाली शिरल्या. माने टॉर्च धरून ओणवे. सगळीकडे काळं, जाड, वर्षानुवर्षांचं वंगण. एकाच जागी ते बोटांनी पुसलेलं होतं.

"काही दिसतंय का, ताई?"

"सळईचं टोक. खुंटीवर अडकवलंय आणि निसटू नये म्हणून तार घातलीय."

"मग बरोबर आहे की."

"तारेचा रंग सांगा, माने."

माने अजून वाकले. "हिरवा," ते म्हणाले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

*

गुरुवारी सकाळी दहा वाजता सगळे दिघ्यांच्या बैठकीत जमले. प्रतिमाताईंचा दिवाण तिथे आणला होता. विश्वासराव सर्वांत लांबच्या खुर्चीवर, जमिनीकडे बघत. त्यांच्या शेजारी फणसे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. दारापाशी हसमुखभाई. अभिजित सारखा घड्याळाकडे बघत होता.

"विश्वासराव," निरुपमाबाई म्हणाल्या, "तुम्ही क्लच सोडला नव्हता. तुमचं डोकं आमच्यासारखंच शाबूत आहे."



"हिल होल्डर काम करतो तो एका बारीक सळईमुळे. ती काढली की क्लच कितीही दाबा, गाडी मागे जाणार. रविवारी सकाळी ती सळई निघालेली होती. साडेबाराला हसमुखभाई आले तेव्हा ती पुन्हा लागलेली होती. म्हणून यंत्र चांगलं ठरलं आणि माणूस वेडा."

"मी नाय हात लावला!" हसमुखभाई ओरडला.

"माहीत आहे. तुम्हाला लावायची असती तर वर्कशॉपमधली पिन असती. शिवाय तुम्ही पोचायच्या आधीच ती लागली होती. अभिजित भरूचहून थेट दवाखान्यात गेले, आणि या गाडीचा क्लच त्यांना ठाऊक नाही. अपघातापासून साडेबारापर्यंत गाडीपाशी एकच माणूस होता."

फणशांचा हात विश्वासरावांच्या खांद्यावरून निघाला.

"मुकुंदराव, शनिवारी तुम्ही तासभर गॅरेजमध्ये होतात. सळई तेव्हा काढलीत. रविवारी तुमची कंबर धरली होती, इतकी की शटर ओढवेना. पण थोड्याच वेळात प्रतिमाताईंना उचलून तो चढ चढलात. कंबर दुखत नव्हती. त्या दिवशी गाडीच्या मागे उभं राहायचं नाही, हे ठाऊक असलेले तुम्ही एकटेच होतात."

"पण रक्त?" माने न राहवून म्हणाले. "हात धूत होते ना ते?"

"प्रतिमाताईंना खरचटलंसुद्धा नव्हतं, माने. ते वंगण होतं. मूळची पिन कुठे पडली ती घाईत सापडली नाही, म्हणून यांनी सळईला जवळच्या कागदांची क्लिप सरळ करून घातली." निरुपमाबाईंनी हिरव्या तारेचा तुकडा टीपॉयवर ठेवला. "सावकाश बदलू म्हणाले असतील. पण घरच्यांची ये-जा वाढली आणि गॅरेज एकट्याला मिळालं नाही."

विश्वासरावांनी मान वर केली. "मुकुंदा?"

फणसे म्हणाले, "गाडी फक्त गॅरेजच्या मागच्या भिंतीवर आपटायला हवी होती, विश्वास. एक पोचा. तू घाबरला असतास, सोडलं असतंस. वहिनी तिथे जातील असं मला..."

"मी जाताना तुम्ही बघत होतात," प्रतिमाताई म्हणाल्या. "फाटकातून. हाक का नाही मारलीत, भावजी?"

"हाक मारली असती तर का, ते सांगावं लागलं असतं."

अभिजित उठून उभा राहिला. विश्वासरावांनी हातानंच त्याला बसवलं.

"गाडीसाठी?" त्यांनी विचारलं.

"पन्नास वर्षं मी शेजारच्या सीटवर बसलो." फणशांचा आवाज चढला. "देशभरच्या मालकांचे अनुभव लिहिले मी, आणि ती गाडी चालवताना कशी लागते ते मला ठाऊक नाही! तुझे हात थांबेनात. माझे थांबायला लागले. हे बघ, कपसुद्धा धरवत नाही. अजून वर्षभरानं किल्ली मिळून काय करणार होतो?"

"मागायची होतीस."

"तीनदा मागितली. तू हसलास."

विश्वासरावांना ते आठवलं असावं. त्यांचा चेहरा क्षणभर पडला, पण डोळे हलले नाहीत.

"हसलो असेन. ते माझं चुकलं. पण अकरा दिवस तू रोज इथे आलास. माझ्या शेजारी बसलास. मी तुला म्हटलं, मुकुंदा, माझं डोकं गेलं रे, मी प्रतिमाला मारलं असतं. आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणालास, होतं असं. पायाचं प्रतिमा बघेल. पण तो हात कसा फिरवलास?"

फणसे उठले, चपला शोधत दारापर्यंत गेले. हसमुखभाई बाजूला झाला. फाटक वाजलं.

"बाबा, पोलिसांत जाऊ या," अभिजित म्हणाला.

"ते तुझी आई ठरवेल. पाय तिचा आहे."

प्रतिमाताई म्हणाल्या, "आधी डॉक्टरांना फोन कर. येत नाही म्हणून सांग. आणि बापाची माफी माग."

अभिजितनं मान खाली घालून दोन्ही केलं. विश्वासरावांनी खुर्ची उचलली आणि दिवाणापाशी नेऊन ठेवली. प्लास्टरवर हळूच बोटं टेकवली.

"दुखतं का गं?"

"अकरा दिवसांनी विचारताय!" त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

हळूहळू विश्वासरावांच्या चेहऱ्यावर रंग आला. खांदे सरळ झाले. डोकं शाबूत आहे, हात आपले आहेत, बायको बोलतेय. हे कुणाला तरी सांगायलाच हवं, असा आनंद त्यांच्या तोंडावर उमटला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, सवयीनं पहिल्याच नावावर बोट नेलं आणि ते बोट तिथेच अडलं.

माने हे बघत होते. फोन कुणाला लागणार होता, हे त्यांना ताईंनी सांगावं लागलं नाही. विश्वासरावांनी फोन उपडा करून मांडीवर ठेवला, तेव्हा मान्यांनी तोंड फिरवलं आणि ते फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.