डावा दिवा

गाडीचा दिवा विकत घ्यायला मी आयुष्यात एकदाच गेले. पूर्वा, तू सख्खी भाची म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट माझ्या पोटातच राहिली असती.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या सत्यशीलाबाईंचा तेरावा होता. खडकवासल्याच्या अलीकडे त्यांचं गाव. बसमधून उतरून घरी चालत जाताना कुठल्याशा गाडीनं त्यांना उडवलं आणि ती थांबलीसुद्धा नाही. बाई रात्रभर रस्त्याकडेला पडून होत्या. बराच वेळ जीव होता, म्हणे. मला टायफॉइड झाला तेव्हा या बाईनं मला स्वतःच्या हातानं भरवलं होतं. ज्यानं हे केलं त्याचं वाटोळं होऊ दे, असं मी रोज देवापाशी म्हणायची, तेही मोठ्यानं.

गंधारभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मला गावी सोडणार होते. पण त्यांच्या गाडीचा डावा दिवा फुटला होता. सोसायटीच्या खांबाला घासली, म्हणाले.

"परत येताना अंधार होईल, वहिनी. आधी दिवा घेऊ."

म्हणून भर दुपारी आम्ही नाना पेठेत सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो. फुटका दिवा काढून भावजींनी सोबत घेतला होता, मोडीत द्यायला. पक्के पुणेकर! फुकट काही टाकून द्यायचं नाही.

दुकानदार दीनानाथ तिरकस बोलणारे. त्यांची दिवा दाखवायची रीत वेगळी होती. शटर ओढून आत काळोख करायचा, दिवा बॅटरीला जोडायचा आणि त्याचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर टाकायचा. शटर खाली आलं तसा रस्त्याचा गोंगाट बुडाला. ऑइलचा आणि रबराचा वास नाकात दाटला.

पहिला दिवा लागला. भिंतीवर पिवळट उजेड पसरला आणि त्यात एक सावली उभी होती.

बाईची. एक खांदा उतरलेला, हातात पिशवी.

मी दिव्याकडे पाहिलं. दिव्यासमोर कोणीच नव्हतं.

"दुसरा दाखवा," भावजी म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

दुसरा दिवा पांढरा, झगझगीत. सावली त्यातही होती, जरा मोठी. त्याच्या पुढच्या दिव्यात आणखी मोठी... ती भिंतीकडून दिव्याकडे येत होती. म्हणजे आमच्याकडे.

"अहो साहेब, दिवा घेताय की मुलगी बघताय?" दीनानाथांना काहीच दिसत नव्हतं. माप बघायला त्यांनी फुटका दिवा उचलला आणि त्याच्या खाचेतून काहीतरी ओढून काढलं. हिरव्या सुती कापडाची चिंधी होती.

"खांबाला घासली म्हणालात ना? तुमच्याकडचे खांब लुगडी नेसतात वाटतं."

ते हिरवं लुगडं मी दिलं होतं. त्या संध्याकाळी तेच नेसून बाई आमच्याकडून निघाल्या होत्या. आणि दुसऱ्या दिवशी याच भावजींनी ताटावर बसून विचारलं होतं, "आज पोळ्या नाहीत का?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. भीती कुठल्या कुठे पळाली. पोलिसांकडे जावं? सासरची मंडळी पाया पडली असती, घरातली गोष्ट घरात राहू दे म्हणाली असती, आणि ती राहिलीही असती.

"वहिनी..." भावजी कुजबुजले. "तुम्हालाही... दिसतंय?"

"काय, भावजी?"

दीनानाथांनी आणखी एक दिवा जोडला. भिंत स्वच्छ! भावजींनी सुटकेचा श्वास सोडला. "हाच. हाच द्या."

मी मात्र जागच्या जागी थिजले. सावली पडायची तर माणूस दिव्याच्या पुढं असावा लागतो. ती आता पुढं नव्हती. दिवा ओलांडून अलीकडे आली होती. माझ्या आणि भावजींच्या मधे बाईंच्या केसांना यायचा तो आवळ्याच्या तेलाचा वास आला. माझ्या दंडाला काहीतरी गार चाटून गेलं. बाईंनी मला धरलं नाही.

हा नको, एवढं मला म्हणता आलं असतं.

"छान आहे," मी म्हटलं. "हाच घ्या, भावजी."

दिवा बसवून झाला. भावजींनी माझ्यासाठी गाडीचं पुढचं दार उघडलं, तर आतून तोच वास. मी दार लोटून दिलं. "मी बसनं जाते गावी. तुम्ही नका येऊ."

"मग मी घरीच जातो," ते म्हणाले. त्यांना बरंच वाटलं.

गाडी सुरू झाली आणि आत टीं टीं वाजायला लागलं. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावला नाही की वाजतं, तसं. भावजींनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग उघड्या काचेतून माझ्याकडे. तो चेहरा मी विसरणार नाही. मला तो विसरायचाच नाही. दार उघडायला ते धडपडले, पण गाडी तोवर हलली होती.

चौकापर्यंत ते वाजणं मला ऐकू येत होतं. आमचं घर सरळ, सदाशिव पेठेत. गाडी डावीकडे वळली, खडकवासल्याच्या वाटेला. आणि वळता वळता वाजणं थांबलं.

पट्टा कोणीतरी लावला होता.