साहेब जेवला त्या रात्री

वीज येईल तेव्हा येईल. मेणबत्ती तिकडेच राहू दे. आणि तू, पोरी, जरा सरकून बस. सांगताना मला दार दिसत राहिलेलं बरं.

ही माझ्या साडूची गोष्ट. लष्कराच्या श्वानपथकाच्या दवाखान्यात तो कंपाउंडर होता. खोटं बोलायला डोकं चालवावं लागतं, तेवढे कष्ट त्याने जन्मात घेतले नाहीत. म्हणून माझा विश्वास बसला.

चार वर्षांपूर्वीची लढाई. तिची तेरावी रात्र, गुरुवार. साडूला काम साधंच होतं, एक कुत्रा एका घरी पोहोचवायचा.

कुत्र्याला सगळे ‘साहेब’ म्हणायचे. जमिनीतले सुरुंग हुंगून काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याला सांभाळणारा जवान म्हणजे लांब्या, सव्वासहा फुटी गडी. दोघं एकाच ताडपत्रीखाली झोपायचे. नऊ दिवसांपूर्वी, सीमेवरच्या ओढ्याकाठी तांबड्या चिखलात, लांब्या स्फोटात गेला. साहेबाला खरचटलंही नाही. पण तेव्हापासून त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

शत्रूने विष घालू नये म्हणून त्या पथकात एक शिस्त होती. सांभाळणाऱ्याने कानात ठरलेला शब्द सांगितला, तरच कुत्र्याने खायचं. शब्द ज्याचा त्याने ठरवायचा, कुणाला सांगायचा नाही. लांब्या आपला शब्द बरोबर घेऊन गेला. सलाइनवर कुत्रा असा किती तगणार? डॉक्टर साडूला म्हणाले, “लांब्याच्या आईला माहीत असला तर बघ. नाहीतर हा दोन दिवसांचा सोबती.”

ट्रकवाल्याने साडेअकराला फाट्यावर उतरवलं. पुढे तीन किलोमीटर चालायचं. सगळीकडे ब्लॅकआउट, मोबाइलचा उजेडसुद्धा करायचा नाही. साडूच्या डाव्या हातात पट्टा, उजव्या हातात मांस-भाताचा डबा. साहेब दर शंभर पावलांवर बसकण मारायचा.

“चला साहेब,” साडू म्हणायचा, “बदलीच्या गावी निघालात, जरा रुबाबात चला.”

पुलापाशी साहेब थांबला. कान टवकारले. शेपूट हलली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मग तो डावीकडे सरकला आणि ऐटीत चालायला लागला. त्याच्यात आणि साडूत एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. आणि मान वर करून त्या जागेकडे बघत होता.

बरीच वर.

साडू थांबला. साहेब थांबला नाही. दोन पावलं पुढे गेला, मग हुकूम मिळाल्यासारखा खाली बसला. साडूने पट्टा ओढला. पलीकडून कुणीतरी तो धरला होता... साहेबाने नाही. साहेबाच्या गळ्यापाशी पट्टा सैल लोंबत होता.

साडूने पट्टा सोडून दिला. उरलेली वाट तो पुढे बघून चालला. एकदाही बाजूला बघितलं नाही.

शिंपीणबाईचं घर म्हणून त्याने दार शोधलं. लांब्याची आई कपडे शिवायची. तिने दार उघडलं.

“या भाऊ. बरोबर कोण आहे?”

“कोणी नाही, मावशी. मी आणि कुत्राच.”

तरी ती जरा वेळ दार धरून उभी राहिली. कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तशी. मग कडी लावली.

ताटलीत जेवण काढलं. तिला शब्द ठाऊक नव्हता. “जेव,” म्हणून झालं. “घे,” म्हणून झालं. लेकाचं लहानपणीचं लाडाचं नाव, भावंडांची नावं, सगळं म्हणून झालं. साहेबाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता. आई दमली. म्हणाली, “मी त्याची आई, आणि मलाच माहीत नाही.”

दोनला दहा कमी असताना भोंगा वाजला. तिने दिवा मालवला. दोघं खाटेवर शेजारी बसली.

अंधार. विमानाची घरघर आली, गेली.

मग... ताटलीपाशी गुडघे टेकल्याचा आवाज. जड माणसाचा.

साडूच्या मनगटाला आईच्या हाताची मिठी पडली.

कुजबुज झाली. एकच शब्द. कळला नाही.

आणि साहेब खायला लागला. लपालपा. हाडं फोडत.

“मावशी... तुम्ही बोललात?”

“गप्प बसा,” ती म्हणाली. “त्याला जेवू द्या.”

धोका टळल्याचा दुसरा भोंगा वाजेपर्यंत दोघं हलली नाहीत. दिवा लावला तेव्हा ताटली लख्ख होती. साहेब झोपला होता. कडी आतून होती तशीच.

पुढे तो तिच्याकडेच राहिला. त्या रात्रीनंतर तिच्या हातून खायचा, शब्दाबिब्दाशिवाय. अजून आहे, म्हातारा झालाय.

पण सकाळी उजेडात काय दिसलं ते साडूने मला एकदाच सांगितलं. साहेबाच्या कपाळावर पंजाचा ठसा होता. माणसाच्या. तांबड्या चिखलाचा. त्या भागातली माती काळी, आणि दोन महिने पावसाचा थेंब नव्हता.

आईने त्यावर आपला हात ठेवून बघितला. बोटं तिच्या बोटांपेक्षा बरीच लांब होती.

चिखल अजून ओला होता.