देवमाशाचे व्याही

अडीच हजार मीटर खोल समुद्रात, जिथे उन्हाचा कवडसाही पोचत नाही आणि शेवाळसुद्धा उगवत नाही, तिथे शेकडो गोगलगायी एवढ्या गुटगुटीत कशा? हे कोडं आम्हाला घातलं बुडीने. बुडी म्हणजे माझ्या आत्याचं बोलकं पाणबुडं यंत्र. साल होतं २०४६. आत्या जहाजावर होती आणि मी नि आजोबा मालवणात, घरच्या पडद्यासमोर.

आजोबा म्हणजे विश्राम तांडेल. बारा वर्षांपूर्वी किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला. लोक पुरायला निघाले. "समुद्राचा तो समुद्राक देऊया," म्हणून आजोबांनी तो होडीने तीन दिवस ओढत नेला आणि जुने नांगर बांधून बुडवला. तेव्हापासून गाव त्यांना 'देवमाशाचे व्याही' म्हणून चिडवतं. आजोबांना ते फार लागलं. त्यांनी जेटीवर गप्पांना जाणंच सोडलं.

"एकीच्या पोटात पांढरे कण आहेत. वाळू असावी," बुडी म्हणाली.

"वाळू खाऊन कोण गुटगुटीत होतं गं? काहीतरीच तुझं! कण मोठा करून दाखव," मी म्हटलं.

कणाला बारीक जाळी होती. वाळूला कुठे असते जाळी?

"शाब्बास, मुक्ता! हे हाड आहे," आत्या म्हणाली. "गोगलगाईला रॅड्युला (किसणीसारखी दातेरी जीभ) असते. तिने ती हाड खरवडते आणि कण गिळते. हाडात चरबी असते, कोलॅजन (हाडाला चिवटपणा देणारं प्रथिन) असतं. तेच तिचं जेवण."

"पण एवढं हाड तिथे आलं कुठून?"

बुडीने दिवा फिरवला. लांबच लांब बरगड्या दिसल्या. शेपटीच्या मणक्यांना निळा दोर होता.

आजोबा ताडकन उठले. "गाठ दाखय गो!" आणि मग, पडद्यावर बोट टेकवून, "ही माझी गाठ आसा."

आत्या म्हणाली, "बाबा, तुम्ही अख्खं गाव वसवलंत. अजून कितीतरी वर्षं पुरेल हे त्यांना."

मला आजोबांचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! मोठी झाले की मी स्वतः खाली जाऊन ते गाव बघणार आहे.

दुसऱ्या दिवशी आजोबा इस्त्रीचा सदरा घालून जेटीवर गेले. कुणीतरी हाक मारलीच, "काय व्याही, बरे आसात मा?"

"मी बरो," आजोबा छाती काढून म्हणाले. "आणि थंयची मंडळीपण खुशाल. पंगत बसली आसा!"